इंटेल बंद करू नका : लॅपटॉपमधलं डेडिकेटेड ग्राफिक्स कामाला कसं लावायचं

मारेगाव तालुक्यातल्या एका गावात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणाऱ्या तरुण भावाचा प्रश्न आहे. लॅपटॉप सेकंडहँड, आय५ आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, सोबत एनव्हिडियाचं एमएक्स१५० हे २ जीबीचं कार्ड. काम मुख्यतः एडियस ९ या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रामवर, कधीमधी प्रीमियर या दुसऱ्यावर. ते लिहितात, "टास्क मॅनेजरमध्ये पाहतो तर सगळं ओझं इंटेलवर आणि एनव्हिडिया शून्य टक्के. कार्डाचे पैसे मोजले आणि ते नुसतं पडून आहे. इंटेल बंद करून सगळं एनव्हिडियावर कसं न्यायचं?"

भाऊ, इंटेल, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं इनबिल्ट ग्राफिक्स, बंद करायचं नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये 'इकडून तिकडे न्यायचं' असं काही नसतं. दोन्ही ग्राफिक्स सोबतच चालतात. कोणत्या प्रोग्रामचं काम कोणी करायचं, एवढंच आपण ठरवून द्यायचं. ते कसं, हे खाली सांगतो. पण आधी आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढे कोणी काहीही सल्ला दिला तरी तो तपासता येईल.

तुमच्यासारख्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनची केबल इंटेलला जोडलेली असते. एनव्हिडियाच्या चिपपासून स्क्रीनपर्यंत वायरच नसते. एनव्हिडियाने चित्र तयार केलं की ते मेमरीतून इंटेलकडे जातं आणि इंटेल ते स्क्रीनवर मांडतं. लग्नाची पंगत तुम्ही रोज शूट करता. मागे भट्टीवर आचारी असतो, पुढे पत्रावळींवर वाढपी. आचारी कितीही तयारीचा असला तरी वाढप्याला घरी पाठवलं तर पानात काही पडत नाही. एमएक्स१५० हा आचारी आहे, इंटेल यूएचडी ६२० हा वाढपी आहे, आणि साधा स्वयंपाक हा वाढपीही करून घेतो.

ही रचना एनव्हिडियाने २०१० मध्ये 'ऑप्टिमस' या नावाने आणली. त्याआधीच्या काही लॅपटॉपना खरोखरचं बटण असायचं. सोनीच्या जुन्या वायोवर 'स्टॅमिना' आणि 'स्पीड' असं लिहिलेलं बटण होतं, आणि सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ते सरकवलं की लॅपटॉप रीस्टार्ट करावा लागे. 'ग्राफिक्स बदलणं' ही कल्पना लोकांच्या डोक्यात तेव्हापासून बसली आहे. बटण गेलं, कल्पना राहिली.

आता बंद केल्यावर काय होतं ते सांगतो, कारण हे दरवर्षी माझ्या टेबलावर येतं. वणीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या हंगामात, तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले होते, तेव्हा झरीकडचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, "दादा, कार्ड चालू कराले गेलो, अन् आता उजेडच कमी-जास्त होऊन नाही राह्यला. मोठ्या मॉनिटरवर बी काही येऊन नाही राह्यलं." त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडून इंटेलवर राइट क्लिक केलं होतं आणि 'डिसेबल' दिलं होतं. डिस्प्ले अडॅप्टरखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव आलेलं. अक्षरं मोठी आणि फाटल्यासारखी, खिडकी सरकवली की मागे रेघ ओढल्यासारखी. एनव्हिडियाचा कंट्रोल पॅनल उघडला तर सूचना आली की एनव्हिडियाला जोडलेला एकही डिस्प्ले सध्या वापरात नाही. म्हणजे ज्या कार्डासाठी हे केलं, तेच कार्ड बाजूला पडलं. त्याला दोन दिवसांत तीन लग्नांचे व्हिडिओ द्यायचे होते. चेहरा उतरलेला होता बिचाऱ्याचा.

उपाय दोन मिनिटांचा होता : डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेलवर 'एनेबल', आणि रीस्टार्ट. तुमच्या हातून हे झालं असेल आणि स्क्रीन पूर्ण काळी पडली असेल तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. तेवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉप सुरू होत असताना पॉवर बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद करा. मग विंडोज स्वतःच रिकव्हरीच्या पानावर नेतं. तिथून सेफ मोडमध्ये जा आणि इंटेल एनेबल करा. फॉरमॅट मारायची गरज नाही. कोणी 'डिस्प्ले गेला, बदलावा लागेल' म्हणालं तरी घाई करू नका.

आता तुमच्या शून्य टक्क्यांकडे येतो. नुसता डेस्कटॉप उघडा असेल, फोल्डर पाहत असाल, तर एनव्हिडिया शून्यावरच असायला पाहिजे. काम नसलं की ते झोपतं, म्हणूनच बॅटरी टिकते. तेव्हा तपास प्रोग्राम चालू असताना करा. टास्क मॅनेजरच्या 'प्रोसेसेस' पानावर वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'जीपीयू इंजिन' हा रकाना चालू करा (जीपीयू म्हणजे ग्राफिक चिप). प्रत्येक प्रोग्रामसमोर 'जीपीयू ०' किंवा 'जीपीयू १' असं दिसेल. साधारणपणे ० म्हणजे इंटेल आणि १ म्हणजे एनव्हिडिया, पण 'परफॉर्मन्स' पानावर नाव बघून खात्री करून घ्या. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. परफॉर्मन्सच्या पानावर जे चार आलेख दिसतात त्यांत 'थ्रीडी', 'कॉपी', 'व्हिडिओ डीकोड' वगैरे असतात. प्रीमियर किंवा थ्रीडी चित्रांचा प्रोग्राम ब्लेंडर एनव्हिडियाकडून जे काम करून घेतात ते 'कुडा' प्रकारचं, म्हणजे एनव्हिडियाच्या चिपवर आकडेमोड करून घेण्याचं असतं, आणि ते 'थ्रीडी'च्या आलेखात दिसत नाही. आलेखाच्या नावावर क्लिक करून यादीतून 'कुडा' निवडा. मग कळेल की कार्ड झोपलेलं होतं की आपणच दुसरीकडे पाहत होतो.

खात्री झाली की प्रोग्राम खरंच इंटेलवर चालतो आहे, तर तो एनव्हिडियाकडे द्या. सेटिंग्ज उघडा, मग सिस्टिम, मग डिस्प्ले, आणि पानाच्या तळाशी 'ग्राफिक्स'. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून आहे, ११ मध्येही आहे. प्रोग्राम यादीत नसेल तर 'ब्राउझ' करून त्याची मूळ फाइल निवडा, पर्यायांमध्ये 'हाय परफॉर्मन्स' करा आणि सेव्ह करा. तिथेच कार्डाचं नाव लिहिलेलं असतं, तिथे एमएक्स१५० दिसलं म्हणजे विंडोजला कार्ड सापडलं आहे. प्रोग्राम आधीच उघडा असेल तर बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर बदल लागू होत नाही.

मूळ फाइल म्हणालो ते महत्त्वाचं आहे. बऱ्याच वेळा आपण जिच्यावर क्लिक करतो ती फाइल नुसती दार उघडते आणि खरं काम दुसरीच करते. गावातली पोरं ब्लूस्टॅक्सवर, म्हणजे लॅपटॉपवर मोबाइलचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर, गेम खेळतात आणि ब्लूस्टॅक्सचा लाँचर 'हाय परफॉर्मन्स'वर टाकतात, पण गेम चालवणारी फाइल 'एचडी-प्लेअर' नावाची असते. फरक पडत नाही म्हणून मग कार्डाला दोष देतात. कोणती फाइल निवडायची ते ओळखायला सोपी रीत आहे : प्रोग्राम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर राइट क्लिक करा आणि 'ओपन फाइल लोकेशन' म्हणा. जी फाइल निळी होऊन समोर येईल तीच.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्येही 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज' आहे आणि तिथे 'प्रिफर्ड ग्राफिक्स प्रोसेसर' निवडता येतो. सेटिंग शिकवणारे जुने व्हिडिओ तेच दाखवतात. चालतं, पण विंडोजच्या पानावर त्याच प्रोग्रामसाठी वेगळं काही ठरवलेलं असेल तर विंडोजचं ऐकलं जातं. म्हणून मी सगळं विंडोजच्याच पानावर ठेवतो, एकाच जागी पाहिलं की कळतं. 'ग्लोबल'मध्ये जाऊन सगळ्याच प्रोग्रामसाठी एनव्हिडिया करून ठेवू नका. ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा कार्डाच्या २ जीबी मेमरीत जागा अडवून बसतील आणि ऐन टाइमलाइनवर प्रीमियर मेमरी कमी पडल्याची तक्रार करेल.

आता तुमच्या कामाचा खरा गाभा, एडियस. इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण मिक्सिंगवाल्या मित्रांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

एडियस ९ बराचसा भार प्रोसेसरवर टाकतो. कट, ऑडिओ, बहुतेक फिल्टर प्रोसेसर करतो. ग्राफिक कार्डाकडे जातात ती ट्रान्झिशन वेगळी, जीपीयूच्या फोल्डरमधली. आणि एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करताना जो 'हार्डवेअर एन्कोड' असतो, तो इंटेलच्या 'क्विक सिंक'वर चालतो. क्विक सिंक हा इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्समधला व्हिडिओसाठीच बनवलेला भाग आहे, २०११ पासूनच्या बहुतेक आय३, आय५, आय७ मध्ये आहे. म्हणजे बघा, तुम्ही इंटेल बंद केलं असतं तर एक्सपोर्टची सगळ्यात वेगवान वाटच बंद झाली असती, आणि तीन तासांच्या लग्नाची फाइल प्रोसेसरला एकट्याला ओढत न्यावी लागली असती.

तुमचं कार्ड ती जागा घेऊ शकत नाही. एनव्हिडियाच्या मोठ्या कार्डांमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा स्वतंत्र भाग असतो, त्याला 'एनव्हीएन्क' म्हणतात. एमएक्स१५० मध्ये तो भाग नाही. हे कार्ड व्हिडिओ उलगडून दाखवू शकतं, पण एच.२६४ मध्ये बांधून देण्याचं हार्डवेअर त्याच्यात बसवलेलंच नाही. सेटिंग कितीही शोधली तरी मिळणार नाही. विकणारा हे सांगत नाही, बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून एडियससाठी माझा सल्ला : एडियसला इंटेलवरच राहू द्या आणि एक्सपोर्टच्या वेळी हार्डवेअर एन्कोडची चौकट टिक आहे का ते बघा. नसेल तर टिक करा. एनव्हिडियाकडे नेण्याचा विचार करून जो वेळ वाचवायचा होता, तो इथे वाचेल.

प्रीमियरचं गणित वेगळं आहे. तिथे फाइल मेनूत प्रोजेक्ट सेटिंग्ज, जनरल, आणि 'रेंडरर'मध्ये 'मर्क्युरी प्लेबॅक इंजिन जीपीयू अ‍ॅक्सिलरेशन (कुडा)' निवडा. कलर, लहान-मोठं करणं, एकावर एक थर चढवणं, हे काम मग एमएक्स१५० उचलतं. एक्सपोर्ट करताना मात्र 'हार्डवेअर एन्कोडिंग' ठेवा, ते पुन्हा इंटेलच करतं. एकाच एक्सपोर्टमध्ये आचारी आणि वाढपी दोघंही राबताना इथे दिसतात. टास्क मॅनेजर उघडून बघा, इंटेलचा 'व्हिडिओ डीकोड' (इंटेलचं एन्कोडही याच आलेखात दिसतं) आणि एनव्हिडियाचा 'कुडा' दोन्ही आलेख एकाच वेळी वर चढलेले असतील. ते बघितलं की 'कोणतं बंद करू' हा प्रश्न मनातूनच जातो.

स्केचअप हा थ्रीडी ड्रॉइंगचा प्रोग्राम वापरणारे सिव्हिलचे विद्यार्थी मला हाच प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी उत्तर सरळ आहे : स्केचअप 'हाय परफॉर्मन्स'वर टाका, फरक लगेच जाणवेल. टॅली, वर्ड, सातबारा काढायची वेबसाइट यांना कार्डाची काहीच गरज नाही.

आता सेटिंगपेक्षा आपल्या भागात ज्या गोष्टीने जास्त फरक पडतो ती सांगतो. उष्णता. तुमच्यासारख्या बारीक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक चिप या दोघांवरून बऱ्याचदा एकच तांब्याची नळी जाते आणि एकच फॅन असतो. एनव्हिडिया जागं केलं की नळीवर दोघांची उष्णता येते. तापमान वाढलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तुमच्या पिढीचा आय५ १०० अंशांपर्यंत सहन करतो आणि त्याच्या जवळ पोचला की आवरतं घेतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, टिनाच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी कार्ड चालू करून काम उलट हळू झाल्याचं मी कितीदा पाहिलं आहे. दोष कार्डाचा नसतो. उष्णतेला बाहेर जायला वाट नसते.

आणि वाट का नसते, ते लॅपटॉप उघडल्यावर दिसतं. धुळीच्या रंगावरून मला लॅपटॉप कुठला ते जवळजवळ सांगता येतं. खाणीच्या बाजूचा असेल तर फॅनच्या पात्यांवर काळी, तेलकट बुकटी. राजूरकडचा असेल तर चुन्याची पांढरी पूड, आणि तिला ओल लागली असेल तर ती जाळीत घट्ट बसते, ब्रशने निघत नाही. मारेगाव, राळेगावकडचा असेल तर कापूस. दिवाळीनंतर घरात कापूस भरून ठेवतात, त्याच खोलीत पोरगा लॅपटॉप लावून बसतो, आणि फॅन ती लव ओढत राहतो. मागच्या महिन्यात एक लॅपटॉप उघडला तर फॅन आणि हीटसिंकच्या जाळीच्या मधे नमद्यासारखी एक पट्टी तयार झाली होती. चिमट्याने एका टोकाला धरून ओढली तर अख्खी बोटभर लांब निघून आली, मधे सरकीच्या टरफलाचे दोन तुकडे. पलीकडच्या जाळीतून त्याआधी उजेडसुद्धा दिसत नव्हता. पट्टी काढली, चिपची उष्णता नळीकडे नेणारी पेस्ट बदलली, आणि ज्या मुलाने 'कार्ड खराब आहे' म्हणून आणला होता तो त्याच कार्डावर काम करत गेला.

म्हणून कापूस घरात असेल तर लॅपटॉप दुसऱ्या खोलीत न्या. गादीवर ठेवून एक्सपोर्ट लावू नका, खालची हवेची जाळी बंद होते. पाटावर ठेवा, मागची बाजू दोन बोटं उचला. कूलरसमोर ठेवायचा मोह होतो, तो टाळा. ती हवा गार असते पण ओली असते, आणि पावसाळ्यात दुकानात जे गंजलेले पोर्ट येतात त्यांतले काही याच सवयीतून आलेले असतात. मोठं एक्सपोर्ट रात्री लावा. वर्षातून एकदा तरी आतून साफ करून घ्या आणि पेस्ट बदला.

चार्जरही बघा. बॅटरीवर असताना लॅपटॉप मुद्दाम ग्राफिक्सचा वेग आवरतो, म्हणून लाइन नसताना कार्डाची परीक्षा घेऊ नका. सेकंडहँड लॅपटॉपसोबत बऱ्याचदा बाजारातला स्वस्त चार्जर येतो. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधे एक बारीक पिन असते, ती लॅपटॉपला सांगते की मी इतक्या वॉटचा आहे. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू होतो, पण प्रोसेसरला जेमतेम चालवतो. सुरू होताना काळ्या पडद्यावर चार्जर ओळखता येत नाही अशी सूचना येत असेल तर ती ओलांडून पुढे जाऊ नका, सगळ्या संथपणाचं मूळ तिथे असू शकतं. गावात लाइन येता-जाताना जो झटका बसतो त्यासाठी चांगला स्पाइक गार्ड घ्या. कमी व्होल्टेजचं भय बाळगू नका, चांगला चार्जर १०० पासून २४० व्होल्टपर्यंत चालतो.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका, मग एनव्हिडियाचा. एनव्हिडियाची फाइल मोठी असते, रोजच्या मोबाइल डेटाचा मोठा हिस्सा ती एकटीच खाते, तेव्हा एकदा उतरवली की पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. एमएक्स१५० हे पास्कल पिढीचं कार्ड आहे. एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केलं की या पिढीसाठी शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ चा, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत. ५८० मालिकेचा ड्रायव्हर तुमच्यासाठी पुरेसा आहे, त्यापुढच्या मालिकेच्या मागे लागू नका.

तुमचं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं हे समाधानाचं आहे. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. एका शेतकऱ्याने तीन क्विंटल कापूस विकून पोरीच्या डिप्लोमासाठी जुना लॅपटॉप आणला. कीबोर्डजवळ एनव्हिडियाचं हिरवं स्टिकर, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकटं इंटेल. उघडून पाहिलं तर ग्राफिक चिपला जाणारा वीजपुरवठा काढून टाकलेला होता. चिप मेली की असं 'बायपास' करून लॅपटॉप इंटेलवर चालवतात. ती दुरुस्ती चुकीची नाही, पण विकताना सांगितलं नाही हे मला फार लागलं. म्हणून जुना लॅपटॉप घेताना स्टिकर पाहू नका, डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टरखाली दोन नावं आहेत का ते बघा, आणि कार्डावर एखादा जड प्रोग्राम दहा मिनिटं तिथेच चालवून बघा. स्टिकर नसेल आणि नावही एकच असेल तर त्यात कार्ड नाही, आणि नंतर टाकताही येत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये चिप मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेली असते.

एमएक्स१५० मध्येसुद्धा दोन जाती आहेत. नाव एकच, पण एक २५ वॉटची आणि दुसरी १० वॉटची. दुसरी बरीच संथ आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा, 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडी' निवडा. '१०डीई' म्हणजे एनव्हिडिया. त्याच्या पुढे 'डेव्ह'नंतर '१डी१०' असेल तर २५ वॉटची, '१डी१२' असेल तर १० वॉटची. इंटेलच्या ओळीत '८०८६' दिसेल, इंटेलच्या १९७८ च्या प्रोसेसरचं नाव अजून त्यांच्या चिपच्या आयडीत आहे. १डी१२ निघालं तर मित्राच्या लॅपटॉपशी तुलना करून मन कष्टी करू नका, ती चिप तेवढीच आहे.

हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे जाड गेमिंग लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी एक वेगळी सोय असते. अशा काही मॉडेलमध्ये 'मक्स स्विच' असतो, म्हणजे स्क्रीनची केबल खरोखर इंटेलवरून एनव्हिडियावर वळवता येते. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानावर) किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये 'हायब्रिड' आणि 'डिस्क्रीट' असे पर्याय दिसतात. तिथे 'डिस्क्रीट' करून रीस्टार्ट केलं की सगळं एनव्हिडियावर जातं. गेममध्ये फायदा होतो, बॅटरी मात्र लवकर उतरते. बायोसला हात लावण्याआधी एक काम करा : विंडोज ११ मध्ये डिस्कवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बदलानंतर विंडोज ती ४८ अंकी की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा आत अडकतो. तुमच्या एमएक्स१५० वाल्या मॉडेलमध्ये हा पर्याय सहसा नसतो. बायोसमध्ये शोधून सापडला नाही तर काही बिघडलं असं समजू नका.

आता पैशांचं. टाइमलाइन अडखळते तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे आणि डिस्क १०० वर अडकलेली असेल तर ग्राफिक्सचा प्रश्न नाहीच. इंटेलचं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच मेमरी घेतं, म्हणून ८ जीबीची एकच पट्टी असेल तर ती दोघांत वाटली जाते. दुसरी ८ जीबीची पट्टी टाकायला जागा असेल तर टाका. दोन पट्ट्या झाल्या की रॅम दुहेरी वाटेने चालते आणि इंटेललाही त्याचा फायदा मिळतो. विंडोज अजून जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर त्याआधी एसएसडी. मिक्सिंगच्या कामात मी याच क्रमाने पैसे लावायला सांगतो : एसएसडी, रॅम, साफसफाई, आणि कार्डाच्या सेटिंग शेवटी, कारण त्यांना पैसे लागत नाहीत. रॅम टाकायला खालचं झाकण उघडाल तेव्हा फॅनमागची जाळी उजेडात धरून बघा. पलीकडचं दिसत नसेल तर चिमटा घ्या.